चिंचिलाचे मोल आणि दुसरे घर

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड उतारांवर खडकांच्या कपारींत राहणारा, वजनाने साधारण अर्ध्या किलोचा आणि दिसायला ससा व खार यांच्या मधला वाटणारा चिंचिला हा उंदीर, खार, साळिंदर यांच्याप्रमाणेच कृंतक, म्हणजे सतत वाढणाऱ्या दातांनी कुरतडून खाणाऱ्या प्राण्यांच्या गणात मोडतो. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील इतर देशांत तो गेली कित्येक दशके हौसेने घरात पाळला जातो. मात्र पाळणाऱ्याला नोकरीसाठी दूर जावे लागले, घरात कोणाला दम्याचा त्रास सुरू झाला, किंवा ज्या मुलाच्या हट्टापायी प्राणी आणला ते शिक्षणासाठी बाहेरगावी गेले, की त्याच्यासाठी दुसरे घर शोधण्याची वेळ येते. अशा वेळी प्राणी कोणाला द्यावा, आणि त्याचे पैसे घ्यावेत का, घ्यावेत तर किती, हे दोन प्रश्न एकत्रच उभे राहतात. पहिला प्रश्न नीतीचा आणि दुसरा व्यवहाराचा असे वरवर वाटले, तरी दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी पहिल्यातच दडलेले असते, कारण दुसऱ्या घरी जाणाऱ्या चिंचिलाची किंमत ठरवताना खरे मोजमाप करायचे असते ते घेणाऱ्याच्या तयारीचे.

मोलापायी संपत आलेला प्राणी

चिंचिला आणि किंमत यांचे नाते समजून घेण्यासाठी त्याच्या लवेपासून सुरुवात करावी लागते. माणसाच्या त्वचेतील एका केसमुळातून सामान्यतः एकच केस उगवतो, तर चिंचिलाच्या एकेका केसमुळातून पन्नासाहून अधिक तलम केस झुपक्याने उगवतात, आणि त्यामुळे त्याचे अंग मऊपणात व दाटपणात क्वचितच दुसऱ्या कोणा प्राण्याला जुळेल असे होते. एका कोटासाठी शंभराहून अधिक प्राण्यांची कातडी लागत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व उत्तर अमेरिकेतील श्रीमंत वर्गात या कोटांची मागणी वाढल्यावर चिलीच्या बंदरांतून लाखो कातडी परदेशी रवाना झाली. प्राणी जसजसा दुर्मीळ झाला तसतसा कातड्याचा भाव चढत गेला, आणि भाव चढला म्हणून उरलेल्यांची शिकार अधिकच किफायतशीर ठरली. 1910 साली अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली आणि पेरू या चार देशांनी करार करून शिकारीला व व्यापाराला बंदी घातली, पण ती बंदी बराच काळ कागदावरच राहिली.

चिलीतील एका तांब्याच्या खाणीवर काम करणारा मॅथायस चॅपमन हा अमेरिकन अभियंता 1923 साली अकरा जिवंत चिंचिला घेऊन कॅलिफोर्नियात उतरला. एवढे प्राणी पकडण्यासाठी त्याच्या माणसांना काही वर्षे डोंगर धुंडाळावे लागले होते, आणि उंचावरच्या थंडीला सरावलेले हे जीव सखल प्रदेशातल्या उष्म्याने दगावू नयेत म्हणून त्यांना हळूहळू खाली आणून, बर्फाने गार ठेवलेल्या पिंजऱ्यांतून जहाजाने नेण्यात आले. आज अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांची वंशरेषा बहुतांशी याच अकरा प्राण्यांपर्यंत जाते. ते आणले होते लवेच्या शेतीसाठी. पाळीव प्राणी म्हणून त्यांची ओळख नंतरची आहे. लांब शेपटीची आणि आखूड शेपटीची अशा चिंचिलाच्या दोन्ही रानटी जाती आजही संकटग्रस्त आहेत, त्यांपैकी लांब शेपटीच्या जातीसाठी चिलीतील इयापेल गावाजवळ 1983 पासून राखीव क्षेत्र आहे, आणि वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटिस या कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात दोन्हींचा समावेश आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या ताब्यात वाढलेल्या पाळीव चिंचिलांना मात्र त्या करारातून वगळलेले आहे.

लवेचा धंदा आणि घरातला चिंचिला यांची गाठ अगदी अलीकडेही पडलेली आहे. ‘द सिम्पसन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेले सॅम सायमन यांनी 2014 साली कॅलिफोर्नियातील एक चिंचिला-शेती बंद करण्याच्या हेतूने विकत घेण्यासाठी पैसा दिला, आणि तेथील चारशेहून अधिक प्राण्यांसाठी एकदमच घरे शोधण्याचे काम प्राणिकल्याण संस्थांवर येऊन पडले. सुटका एका व्यवहारात झाली, परंतु घर प्रत्येक प्राण्याला वेगळे शोधावे लागले.

फुकट देण्यातील जोखीम

कातड्याच्या मोलापायी रानातला चिंचिला संपत आला, तर घरातल्या चिंचिलाला धोका असतो तो किंमत शून्यावर आल्यावर. ‘चांगल्या घरी मोफत देणे आहे’ अशा जाहिरातीमागचा हेतू बहुधा निर्मळ असतो. मायेने वाढवलेल्या जिवाचे पैसे घेणे देणाऱ्याला अवघड वाटते. मात्र अशा जाहिरातीला प्रतिसाद देणाऱ्यांत खरोखरीच्या प्राणिप्रेमी माणसांबरोबर आणखी तीन प्रकारची माणसे असू शकतात. काहीजण फुकट मिळालेला प्राणी दुसऱ्याच आठवड्यात नफ्याने विकतात. काहीजण मोठे साप पाळतात आणि त्यांना खाद्य म्हणून लहान प्राणी शोधत असतात. आणि तिसरा, सर्वांत मोठा गट हा कोणताही वाईट हेतू नसलेल्या, परंतु क्षणिक हौसेने प्राणी घरी नेणाऱ्या आणि काही महिन्यांत कंटाळणाऱ्या लोकांचा असतो. या तिन्ही गटांना बाजूला सारण्याचे काम माफक पण शून्याहून निश्चितपणे वरची रक्कम करते, कारण तेवढ्या पैशांत सापाचे खाद्य परवडत नाही, नफ्याला जागा उरत नाही, आणि हौशी माणसाला निदान एक रात्र विचार करावासा वाटतो.

प्राणी विकणे आणि प्राण्याला घर शोधून देणे यांतील भेद अमेरिकेत लोकव्यवहारातही रुळलेला आहे. क्रेग्सलिस्ट या सर्वपरिचित जाहिरातमंचावर पाळीव प्राण्यांच्या विक्रीला मनाई आहे, मात्र नवे घर देताना अल्पसे दत्तक-शुल्क घेण्यास मुभा आहे. ब्रिटनमध्ये 2006 च्या प्राणिकल्याण कायद्यान्वये सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि योग्य परिसर, योग्य आहार, स्वाभाविक वर्तनाला वाव, इतर प्राण्यांची सोबत किंवा त्यांच्यापासून अंतर, आणि वेदना व रोगांपासून संरक्षण अशा प्राण्याच्या पाच गरजा पुरवणे ही पाळणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी मानली जाते. प्राणी दुसऱ्याकडे दिला की या गरजा पुरवण्याचा भार त्याच्यावर जातो. तो भार कोणाच्या खांद्यावर ठेवायचा, याची निवड तेवढी देणाऱ्याच्या हातात असते.

रक्कम कशी बसवावी

पैदासकाराकडील पिल्लाचा भाव आणि घरातून दुसऱ्या घरी जाणाऱ्या प्रौढ प्राण्याचे शुल्क यांची गल्लत करण्याने बहुतेक चुका होतात. अमेरिकेत साध्या करड्या रंगाचे पिल्लू पैदासकाराकडे साधारणतः शंभर ते अडीचशे डॉलरांच्या दरम्यान मिळते आणि दुर्मीळ रंगांना त्याहून बराच अधिक भाव येतो. करडा हा चिंचिलाचा मूळ रंग. पांढरा, फिकट बदामी, मखमली काळा, जांभळट राखी हे रंग बंदिस्त पैदाशीत अचानक झालेल्या आनुवंशिक बदलांतून विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे आले. पिल्लाच्या किमतीत या रंगाबरोबरच वंशावळीचा, म्हणजे आईबापांच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या लेखी नोंदीचा वाटा असतो. जो प्राणी घरातली सोबत म्हणूनच जगणार आहे त्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींना फारसे मोल उरत नाही, आणि रंगासाठी जादा पैसे मागणारी जाहिरात नेमकी पैदाशीच्या हेतूने प्राणी शोधणाऱ्यांना ओढून आणते.

येथे आनुवंशिकतेची एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. पांढऱ्या आणि मखमली काळ्या रंगांची जनुके अशी असतात की आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती एकाच गर्भात आल्या तर तो गर्भ जगत नाही. म्हणून जाणकार पैदासकार दोन पांढऱ्यांची किंवा दोन मखमली काळ्यांची जोडी लावत नाहीत. दातांची वेडीवाकडी वाढ हा चिंचिलाचा गंभीर विकारही पुष्कळदा वंशपरंपरेने येतो. ज्याच्या पूर्वजांची माहिती नाही असा प्राणी पैदाशीसाठी वापरणे हे या दोन्ही कारणांनी जोखमीचे असते, आणि पैदास न करण्याची अट देणाऱ्याने लेखी घालावी हे उत्तम.

रक्कम ठरवताना प्राणी आणि सामान यांचा हिशेब वेगळा मांडावा. समजा, सहा वर्षांचा, निरोगी, करडा नर आणि त्याचा तीन वर्षे वापरलेला, मजबूत लोखंडी पिंजरा द्यायचा आहे, आणि तसा नवा पिंजरा अडीचशे डॉलरांना मिळतो. वापरलेल्या पिंजऱ्याचे त्याच्या निम्मे, म्हणजे सव्वाशे डॉलर धरले आणि प्राण्याचे शुल्क पन्नास ते पंचाहत्तर डॉलर ठेवले, तर एकूण रक्कम पावणेदोनशे ते दोनशे डॉलरांच्या घरात जाते. ही मांडणी घेणाऱ्याला स्पष्ट सांगितल्यास ज्याच्याकडे आधीच चांगला पिंजरा आहे त्याला तेवढी रक्कम वगळता येते, आणि ज्याला वस्तुतः पिंजराच हवा आहे व प्राणी नकोसा आहे असा माणूसही ओळखू येतो. म्हणूनच प्राण्याच्या आधी पिंजरा विकू नये, असा संकेत पाळणे हिताचे ठरते. पूर्वी झालेला औषधोपचाराचा, गवताचा आणि खाद्याचा खर्च या हिशेबात धरता येत नाही, कारण तो प्राण्याच्या सहवासासाठी झाला आणि तो सहवास देणाऱ्याला मिळून चुकला.

शुल्क फार चढे ठेवण्यातही तोटा आहे. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा प्रत्येक पशुवैद्य चिंचिलावर उपचार करत नाही, अशा वेगळ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याची फी अधिक असते, आणि दाढा घासण्यासाठी तर प्राण्याला भूल द्यावी लागते. म्हणून घेणाऱ्याच्या खिशातले पैसे प्राणी नेतानाच संपले तर पहिल्या आजारात त्याची परवड होते. वृद्ध किंवा आजारी प्राण्याच्या बाबतीत तर शुल्क नाममात्र ठेवून, किंवा ते एखाद्या आश्रयसंस्थेला देणगी म्हणून भरायला सांगून, पारख मात्र अधिक काटेकोर करणे योग्य ठरते.

दात पाहणे

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असे मराठीत म्हणतात. चिंचिलाच्या बाबतीत ही म्हण उलटी वापरावी लागते, कारण तो फुकट मिळो वा विकत, दात पाहिल्याखेरीज घेणे-देणे होऊ नये. त्याचे समोरचे पटाशीचे दात वर्षाला पाच ते सात सेंटिमीटर वाढतात आणि आतल्या दाढाही आयुष्यभर वाढत राहतात. वाळलेले, चरबरीत गवत सतत चघळल्याने ही वाढ झिजत जाते. गवत कमी आणि मऊ खाद्य जास्त मिळाले, किंवा जबड्याची ठेवणच वाकडी असली, तर दाढांना धारदार टोके येऊन ती जिभेला व गालाला टोचतात, आणि मुळे मागच्या बाजूने डोळ्याकडे व खालच्या जबड्यात शिरू लागतात.

निरोगी प्रौढ चिंचिलाच्या पटाशीच्या दातांचा रंग पिवळट नारिंगी असतो. माणसाच्या दृष्टीने स्वच्छ वाटणारे पांढरे दात येथे काळजीचे चिन्ह ठरतात. हनुवटीखालची लव ओलसर किंवा चिकटून बसलेली दिसली तर लाळ गळत असल्याचे समजावे, डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर दाढांच्या मुळांचा संशय घ्यावा, आणि गवताची काडी तोंडात घेऊन पुन्हा टाकून देणारा प्राणी भुकेला असूनही चावू शकत नाही हे ओळखावे. दाट लवेखाली अंगातली झीज डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर दर आठवड्याला केलेली ग्रॅममधली नोंद ही कोणत्याही वर्णनापेक्षा विश्वासार्ह असते. पावडरीचा डबा किंवा खोलगट भांडे काट्यावर ठेवून त्यात चिंचिलाला बसवले की काम भागते, आणि अशी काही महिन्यांची वही प्राण्याबरोबर नव्या घरी गेली तर घसरण कोठे सुरू झाली हे नव्या माणसालाही पहिल्याच आठवड्यात कळू शकते.

दातांबरोबर आणखी दोन गोष्टी न लपवता सांगाव्या लागतात. पहिली म्हणजे गजकर्ण, अर्थात त्वचेचा बुरशीजन्य संसर्ग. नाक, कान किंवा पंजाभोवती केस गळून खपली धरल्यास त्याची शंका घ्यावी, कारण तो माणसालाही होतो. दुसरी म्हणजे गाभणपण. चिंचिलाचा गर्भकाल सुमारे 111 दिवसांचा, म्हणजे उंदीर-सशांच्या मानाने बराच लांब असतो, एका वेताला बहुधा एक ते तीन पिल्ले होतात, आणि व्याल्यानंतर लगेचच मादी पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे नराजवळ राहिलेली मादी त्याच्यापासून वेगळी केल्यावर साडेतीन महिन्यांनीही विऊ शकते. ही शक्यता न सांगता दिलेली मादी नव्या घरात एकाचे तीन करते, आणि घर शोधण्याचा प्रश्न तिपटीने परत येतो.

घेणाऱ्याची पारख

घेणाऱ्याला विचारायच्या प्रश्नांत पहिला प्रश्न तापमानाचा असावा. चिंचिलाला घाम येत नाही, दाट लव उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि पंधरा-वीस अंश सेल्सिअसला सुखात असणारा हा प्राणी पंचविसाच्या पुढे, विशेषतः हवा दमट असल्यास, उष्माघाताच्या सीमेवर येतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारे नागपूर किंवा पावसाळ्यात घामाने चिंब करणारी मुंबई हा त्याच्या दृष्टीने अहोरात्र वातानुकूलनावर जगण्याचा प्रदेश आहे, आणि वीज गेलेली एक दुपारही त्याला पुरे होते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये चिंचिला पाळून मायदेशी परतणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर हा विचार वेळेवर करायला हवा, कारण राहण्याचे ठिकाण बदलून भारतात येणाऱ्याला सामानाबरोबर पाळीव प्राणी आणण्याची जी सवलत आहे ती कुत्रा व मांजर यांच्यापुरती आहे. विमानाची तिकिटे निघाल्यावर घाईने जो मिळेल त्याच्या हवाली करण्यापेक्षा सहा महिने आधीपासून घर पाहणे केव्हाही चांगले.

दुसरा प्रश्न काळाचा. नीट सांभाळलेला चिंचिला दहा ते वीस वर्षे जगतो, म्हणून सहा वर्षांचा प्राणी घेणारा माणूस पुढच्या दहा वर्षांची बांधिलकी घेत असतो, आणि दहावीत शिकणाऱ्या मुलासाठी प्राणी मागणाऱ्या पालकाला ते मूल कॉलेजला गेल्यावर काय, हे विचारणे उद्धटपणाचे नाही. तिसरा प्रश्न सवयींचा. चिंचिला संध्याकाळी आणि रात्री जागा असतो, उड्या मारतो, लाकूड कुरतडतो. त्याला पाण्याने न्हाऊ घालत नाहीत, कारण ओली लव वाळत नाही व तिच्यात बुरशी धरते, आणि त्याऐवजी ज्वालामुखीच्या राखेसारख्या अत्यंत बारीक धुळीत आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे लोळू द्यावे लागते. ही धूळ खोलीभर उडते. दमेकरी माणसाच्या घरातून निघालेला चिंचिला दुसऱ्या दमेकऱ्याच्या घरात गेला तर वर्षभरात तो पुन्हा जाहिरातीत दिसतो, म्हणून शक्य झाल्यास हे धूळस्नान घेणाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावे.

चौथा प्रश्न घरातल्या इतर प्राण्यांचा. कुत्रा, मांजर किंवा मुंगसासारखा दिसणारा फेरेट असा मांसाहारी प्राणी घरात असेल तर त्याच्या नुसत्या वासानेही चिंचिला भेदरतो. आणि आधीचा चिंचिला असेल तर दोघांना पहिले तीन-चार आठवडे वेगळ्या खोल्यांत ठेवून, मग पिंजरे शेजारी लावून, सावकाश ओळख करून द्यावी लागते. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडीची ताटातूट मात्र किमतीसाठी करू नये. दोघांचे शुल्क मिळून एकाएवढेच घ्यावे लागले तरी चालेल.

हवाली करण्याचा दिवस

घाबरलेल्या चिंचिलाला घट्ट पकडले की लवेचा झुपका सुटून हातात येतो. रानात शिकाऱ्याच्या तोंडात केस ठेवून निसटण्याची ही त्याची युक्ती आहे, आणि ती जागा भरून यायला काही महिने लागतात. म्हणून त्याला शेपटीच्या मुळाशी आधार देऊन कसे उचलावे हे देणाऱ्याने हातानेच दाखवावे. प्रवास सकाळच्या किंवा संध्याकाळच्या थंड वेळी, अंगाला पुरेल एवढ्याच पण हवेशीर पेटीत, गवताच्या मुठीसह करावा. बरोबर सध्याच्या गोळी-खाद्याचा निदान दोन आठवडे पुरेल इतका साठा द्यावा, कारण चिंचिलाचे पोट अचानक बदल सोसत नाही, त्याला उलटी होत नाही, आणि मनुके, दाणे, बिस्किटे असा लाडाचा खाऊ आतड्यांत वायू धरून जिवावर बेतू शकतो. पिंजऱ्यातली एखादी जुनी फळी किंवा मातीचे भांडे न धुता दिल्यास ओळखीच्या वासाने नवी जागा लवकर आपलीशी होते. पहिले चोवीस तास लेंड्या पडतात की नाही आणि गवत संपते की नाही, एवढे पाहणे पुरेसे असते. दिवसभर काही न खाल्लेल्या प्राण्याला मात्र लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

या सर्वांचा एक छोटा कागद करावा. त्यात प्राण्याचे वय, आजारांचा इतिहास, घेतलेली रक्कम, पैदास न करण्याची अट, आणि सांभाळणे अशक्य झाल्यास प्राणी प्रथम मूळ पाळणाऱ्याला किंवा ठरलेल्या आश्रयसंस्थेला परत द्यावा, असे एक कलम असावे. असा कागद न्यायालयात किती टिकेल हा भाग वेगळा. तो वाचून सही करताना घेणारा जेथे अडखळतो तेथेच बोलायला सुरुवात करता येते. आणि महिन्याभराने देणाऱ्याने फक्त एक आकडा विचारावा. पंचाहत्तर डॉलर घेतले होते की शंभर, हे तोपर्यंत दोघांच्याही लक्षात राहणार नाही, पण निघताना 560 ग्रॅम भरलेला नर नव्या घरातल्या काट्यावर 560 किंवा त्याहून थोडा अधिक भरला, तर किंमत बरोबर बसली होती असे खुशाल समजावे.